सर्व्हायव्हल गेममध्ये बेसची जागा कशी निवडावी

सर्व्हायव्हल प्रकारच्या गेममध्ये सुरुवातीला घेतलेले बहुतेक निर्णय पुढे बदलता येतात. हाती आलेले पहिले हत्यार टाकून दुसरे घेता येते, कातड्याच्या कपड्यांच्या जागी लोखंडी चिलखत येते, शेतात एका पिकाऐवजी दुसरे लावता येते. बेसची, म्हणजे खेळाडूच्या ठाण्याची, जागा मात्र एकदा ठरली, आणि तिथे सामानाच्या पेट्या, भट्ट्या, शेत, पलंग आणि कुंपण उभे राहिले, की ती बदलण्याचा विचारही नकोसा होतो, कारण मग सगळा संसार उचलून न्यावा लागतो. या एका निर्णयाला सुरुवातीलाच वेळ दिला तर पुढचे कित्येक तास वाचतात, आणि तरीही बहुतेक खेळाडू तो संध्याकाळ होत आली म्हणून, जिथे उभे असतील तिथेच, घाईघाईने घेऊन टाकतात.

माझा भाचा आणि त्याचे कॉलेजातले मित्र मिळून एक सर्व्हर, म्हणजे सगळ्यांनी ऑनलाइन एकत्र खेळायचे एक सामाईक जग, चालवतात. कोणी इंदिरानगरमधून खेळतो, कोणी पंचवटीतून, एकजण नाशिकरोडहून. त्यांच्यात शत्रूंवरून किंवा लुटीच्या वाटणीवरून जेवढे वाद होत नाहीत तेवढे बेस कुठे बांधायचा यावरून होतात, आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे ऐकले तर दोन्ही खरे वाटतात. एकाला पाणी जवळ हवे असते, दुसऱ्याला उंची हवी असते, तिसऱ्याला खाण जवळ हवी असते. असा वाद सोडवायचा तर कोणती सोय चांगली हे विचारून भागत नाही, कारण सगळ्याच सोयी चांगल्या असतात. कोणती सोय आपल्याला नंतर स्वतः करता येणार नाही, हे विचारावे लागते.

माझ्या मते या विषयातले मुख्य तत्त्व एवढेच आहे. जे बांधता येते, खणता येते किंवा वाहून आणता येते, त्यासाठी जागा शोधू नये. जे या तिन्ही मार्गांनी मिळत नाही, त्यासाठीच शोधावी. तत्त्व सोपे असले तरी ते प्रत्येक गेममध्ये वेगळे उत्तर देते, कारण काय बांधता येते आणि काय येत नाही याचे नियम प्रत्येक गेमने वेगळे ठरवलेले असतात. एका गेममध्ये शिकलेली चांगल्या जागेची खूण दुसऱ्या गेममध्ये नेली की नेमका तिथेच घोटाळा होतो.

ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात खेळाडू जवळजवळ रिकाम्या हाताने एका मोठ्या जगात उतरतो. लाकूड तोडणे, दगड फोडणे, शिकार करणे, त्यातून अवजारे बनवणे आणि रात्रीच्या किंवा हवामानाच्या संकटातून तगून राहणे, असा त्याचा दिनक्रम असतो. बेस म्हणजे या सगळ्याचे ठाणे. तिथे सामान साठते, तिथेच नव्या वस्तू बनतात आणि पीक वाढते, आणि खेळाडू मेला तर बहुधा तिथल्याच पलंगावर तो पुन्हा जिवंत होतो. यातला शेवटचा मुद्दा नवखे खेळाडू विसरतात. मृत्यूनंतर आपले सामान मेल्या जागी पडून राहते आणि आपण बेसवर उठतो, त्यामुळे बेस आणि धोक्याची जागा यांतले अंतर हे ते सामान परत आणण्याचेही अंतर असते.

सर्वांत परिचित उदाहरण माइनक्राफ्टचे आहे. त्याचे जग ब्लॉकचे, म्हणजे घनाकार ठोकळ्यांचे, बनलेले असते. 2011 साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या गेममध्ये नवीन खेळाडू नदीकाठ शोधत फिरतो, कारण शेतीला पाणी लागते अशी त्याची रास्त समजूत असते. पाणी लागते हे खरेच, पण दोन ब्लॉक लांब आणि दोन ब्लॉक रुंद अशा खड्ड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतले की तो खड्डा कधीच आटत नाही. शिवाय शेताच्या मध्यभागी ठेवलेला पाण्याचा एक ब्लॉक चारही बाजूंना चार ब्लॉकपर्यंतची जमीन ओली ठेवतो, म्हणजे नऊ बाय नऊच्या पूर्ण वाफ्याला तो पुरतो. दोन बादल्यांनी जे काम होते त्यासाठी नदीकाठ अडवून बसण्याची गरज नाही.

खाणीचेही तसेच आहे. 2021 साली आलेल्या 1.18 या आवृत्तीपासून जग खाली उणे 64 या पातळीपर्यंत वाढले आणि हिरे जितके खोल जावे तितके अधिक मिळू लागले. उणे 59 च्या आसपास ते सर्वाधिक सापडतात. याचा अर्थ असा, की जवळजवळ कोणत्याही घराखाली सरळ जिना खणत गेले तर हिऱ्यांची पातळी लागते, आणि हिऱ्यांसाठी म्हणून विशिष्ट जागा निवडण्यात अर्थ उरत नाही. रात्रीच्या शत्रूंचा प्रश्नही जागेने सुटत नाही, तो उजेडाने सुटतो, कारण याच आवृत्तीपासून बहुतेक शत्रू केवळ पूर्ण अंधारात, म्हणजे जिथे मशालीचा उजेड अजिबात पोहोचत नाही तिथेच, जन्माला येतात. मशाली बनवायला काठी आणि कोळसा पुरतो.

मग माइनक्राफ्टमध्ये काय बांधता येत नाही? एक म्हणजे गाव. गावातले रहिवासी व्यापार करतात आणि त्या व्यापारातून पुढे उत्तम पुस्तके व अवजारे मिळतात. त्यांना नावेत किंवा खाणगाडीत बसवून दुसरीकडे नेता येते, पण तो व्याप एकदा करून पाहिलेला माणूस पुन्हा सहसा करत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आसपासचा बायोम, म्हणजे त्या प्रदेशाची जात: वाळू, विशिष्ट झाडांचे लाकूड, रंगीत माती यांसारख्या ज्या वस्तू बांधकामाला शेकड्यांनी लागतात त्या जवळ असाव्यात, कारण त्यांच्या खेपा संपत नाहीत. आणि तिसरी, जी फारसे कोणी सांगत नाही, ती म्हणजे जगाचा चालू भाग. हा गेम सगळे जग एकाच वेळी चालवत नाही. जग सोळा बाय सोळा ब्लॉकच्या तुकड्यांत विभागलेले असते, त्यांना चंक म्हणतात, आणि साधारणपणे खेळाडूच्या आसपासचे चंकच चालू राहतात. आपण हजार ब्लॉक दूर गेलो, आणि बेसजवळ दुसरा कोणीही खेळाडू नसेल, तर तिथले पीक वाढायचे थांबते आणि भट्टीतले लोखंड वितळायचे थांबते. त्यामुळे आपण दिवसाचा बराच वेळ जिथे घालवणार आहोत त्याच्या शेजारी शेत आणि भट्ट्या असणे हा आळसाचा मुद्दा नाही, उत्पादनाचा आहे.

अंतराची एक सवलतही या गेममध्ये आहे. नेदर नावाच्या पाताळलोकात एक ब्लॉक चालले की वरच्या जगात आठ ब्लॉकचे अंतर कापले जाते, म्हणून वरचे 800 ब्लॉकचे अंतर पोर्टलमधून, म्हणजे दोन जगांना जोडणाऱ्या दारातून, गेल्यास 100 ब्लॉकवर येते. ज्या गेममध्ये अंतर असे कमी करता येते तिथे बेस थोडा आडबाजूला असला तरी चालतो.

ज्या गेममध्ये सगळ्याच सामानासाठी अंतर कमी करता येत नाही तिथे काय होते, हे पाहण्यासाठी व्हॅल्हाइमइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, आणि भाच्याच्या सर्व्हरवर हाच गेम चालतो. फेब्रुवारी 2021 मध्ये खेळाडूंच्या हाती आलेल्या या गेमचे जग गोल आहे, त्याची त्रिज्या सुमारे 10 किलोमीटर आहे, आणि खेळाची सुरुवात त्याच्या मध्यभागी, मेडोज नावाच्या शांत कुरणात होते. तांबे आणि कथील ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या जंगलात मिळते, लोखंड मुख्यतः दलदलीतल्या भुयारांत मिळते, चांदी डोंगरावर मिळते. खेळाडूंना पोर्टल बांधता येतात आणि त्यातून क्षणात दुसऱ्या टोकाच्या पोर्टलपाशी जाता येते. मात्र मूळ नियमानुसार कच्चा किंवा वितळवलेला धातू जवळ असेल तर पोर्टल काम करत नाही. जग तयार करताना ही अट शिथिल करण्याची सोय नंतर आली आहे, पण अनेक जण मूळ नियमानेच खेळतात, आणि माझ्या मते गेमची खरी गोडी त्या नियमातच आहे.

या एका नियमाने बेसचा सगळा हिशेब बदलतो. खेळाडू मुळात 300 इतके वजन उचलू शकतो. दलदलीतल्या लोखंडी भंगाराचा एक नग 10 वजनाचा असतो, म्हणजे अंगावर दुसरे काहीही नाही असे धरले तरी 30 नगांत मर्यादा संपते, आणि प्रत्यक्षात हत्यार, ढाल, अन्न आणि चिलखत यांमुळे ती बरीच आधी संपते. कमरपट्टा मिळाला की मर्यादा 150 ने वाढते, तेवढाच दिलासा. भाच्याच्या मित्रांपैकी एकाला वाटले होते की दलदलीतच भट्टी लावून तयार लोखंड आणावे, म्हणजे ओझे कमी होईल. पण भंगाराच्या एका नगातून लोखंडाचा एकच नग निघतो आणि त्याचे वजन 12 असते, म्हणजे तिथे वितळवून आणल्याने ओझे उलट वाढते. एका चांगल्या चिलखतासाठी आणि अवजारांसाठी शेकडो नग लागतात, खेळाडू चार असतील तर चौपट लागतात. हे सगळे पाठीवर टाकून जंगलातून चालत आणणे शक्य असले तरी त्यात संध्याकाळच्या संध्याकाळी जातात, आणि वाटेत मरण आले तर सगळे तिथेच पडते.

म्हणून व्हॅल्हाइममध्ये जहाज लागते. लहान कार्व्ह जहाजात सामानाचे चार कप्पे असतात, मोठ्या लाँगशिपमध्ये अठरा. मोठ्या जहाजातून एका खेपेत जेवढे लोखंड येते तेवढे आणायला पायी कितीतरी फेऱ्या होतील. जहाज मात्र बेसच्या दाराशी येऊन थांबले तरच त्याचा पूर्ण उपयोग, आणि किनाऱ्यापासून बेस अर्धा किलोमीटर आत असेल तर प्रत्येक खेपेच्या शेवटी तेच अठरा कप्पे पुन्हा पाठीवरून वाहावे लागतात. मुलांच्या वादात एकजण म्हणत होता, "मामा, आतल्या टेकडीवरून सगळा नजारा दिसतो, समुद्रकाठी काय आहे?" समुद्रकाठी धक्का आहे, हेच त्याचे उत्तर. टेकडीची उंची थोडीफार बनवता येते, कारण फावड्याने माती चढवून जमीन मूळ पातळीपेक्षा आठ मीटरपर्यंत उंच करता येते. किनारा मात्र कोणत्याही अवजाराने बनवता येत नाही. त्यातही किनारा शांत खाडीचा असावा, जहाज लागेल एवढे पाणी खोल असावे आणि तिथून खुल्या समुद्राकडे जाणारा रस्ता उथळ खडकांनी अडलेला नसावा, एवढे पाहून घेतले म्हणजे पुरे.

पिकांचा नियमही येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाजर आणि सलगम मेडोजमध्ये होतात, पण जव आणि जवस ही पुढच्या टप्प्यातली पिके केवळ प्लेन्स या बायोममध्येच वाढतात. प्लेन्स नवख्यांसाठी फार धोक्याचा प्रदेश आहे, तिथला एक मोठा डाससुद्धा कमी तयारीच्या खेळाडूला दोन दंशांत मारू शकतो, त्यामुळे सुरुवातीला तिथे घर बांधण्याचा प्रश्नच नाही. मात्र मेडोजचा जो किनारा प्लेन्सपासून फार दूर नाही असा मिळाला, तर पुढे तिकडे कुंपणातले छोटे शेत करता येते. धान्य आणि जवस पोर्टलमधून जातात, त्यामुळे हे शेत जरा लांब असले तरी बिघडत नाही. धातूसाठी किनारा, शेतासाठी पोर्टल, अशी विभागणी केली की एकाच जागेत सगळे शोधण्याचा हट्ट सुटतो.

बांधता येणारे आणि न येणारे यांतला हा फरक आपल्या जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर प्रत्यक्ष पाहता येतो, आणि म्हणून मी मुलांना रामशेजचे उदाहरण देतो. पेठ रस्त्याने निघाले की आशेवाडीजवळ हा किल्ला दिसतो. बागलाणातला साल्हेर 1567 मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याच्यापुढे रामशेज अगदीच बुटका वाटतो. तरीही 1682 साली औरंगजेबाच्या सैन्याने त्याला वेढा घातल्यावर तो काही वर्षे झुंजत राहिला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लाकडाच्या तोफा करून त्यांनी मारा केला गेला, असे खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहिले आहे. तोफ नसेल तर हाताशी असलेल्या लाकडातून ती करता आली, पण गडावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी नसती, तर वेढ्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात गडावरचे लोक खाली आले असते. जागा निवडणाऱ्याने खडक आणि पाणी पाहिले, बाकीचे माणसांनी उभे केले.

आता धोक्याविषयी. बेस सुरक्षित जागी बांधावा असे सगळेच सांगतात, पण धोका दोन प्रकारचा असतो, आणि दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही. काही धोके जागेला चिकटलेले असतात. व्हॅल्हाइमच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ट्रोल नावाचा अवाढव्य राक्षस फिरतो आणि लाकडी भिंत फोडतो. तिथून दूर राहिले की रोजची कटकट टळते. अशा ठिकाणी राहणे भागच असेल तर कामाच्या बाकाभोवती 20 मीटरच्या आत शत्रू जन्माला येत नाहीत या नियमाचा फायदा घ्यावा आणि बेसच्या कडेकडेने असे बाक मांडून ठेवावेत.

काही धोके मात्र खेळाडूच्या मागे येतात, आणि त्यांच्यासाठी सुरक्षित जागा अशी नसतेच. सेव्हन डेज टू डाय या गेममध्ये मूळ मांडणीनुसार दर सातव्या रात्री मृतांची झुंड येते आणि खेळाडू कुठेही असला तरी ती त्याच्याकडेच चालत येते. अशा गेममध्ये दुर्गम डोंगरावर जाऊन बसल्याने काही साधत नाही. तिथले अनुभवी खेळाडू दोन बेस ठेवतात: एक राहण्याचा, जिथे पेट्या, भट्ट्या आणि शेत असते, आणि दुसरा त्यापासून काही अंतरावर, केवळ त्या रात्रीच्या लढाईसाठी. लढाईच्या बेसला शेत नको, सोय नको. चहूबाजूंनी मोकळी सपाट जमीन हवी, येणाऱ्या झुंडीचा रस्ता ठरवता यावा अशी एकच सोपी वाट हवी, आणि तो पूर्ण मोडला तरी दुसऱ्या दिवशी काम अडू नये. याच गेममध्ये भट्टी आणि चूल पेटलेली राहिली की त्या भागातली हालचाल गेमच्या हिशेबात वाढते आणि हाका मारून इतरांना गोळा करणारी स्क्रीमर येते. म्हणजे शांत म्हणून निवडलेली जागा आपण जितके जास्त काम करू तितकी कमी शांत होत जाते, आणि हे निवडतानाच गृहीत धरायला हवे.

डोन्ट स्टार्व्ह या 2013 सालच्या गेममध्येही हिवाळ्यात येणारा डीअरक्लॉप्स हा एक डोळ्याचा अजस्र प्राणी खेळाडूच्या आसपास प्रकट होतो आणि वाटेत येणारी बांधकामे तुडवतो. त्याची चाहूल लागली की बेस सोडून मोकळ्या जागी जायचे असते. म्हणून तिथे चांगल्या बेसची एक कसोटी अशीही आहे, की त्यातून झटकन आणि विनाअडथळा बाहेर पडता आले पाहिजे.

सबनॉटिकात सगळा खेळ परग्रहावरच्या समुद्रात चालतो, आणि तिथे जागेचा प्रश्न खोलीचा आणि विजेचा होतो. जितके खोल जावे तितका पाण्याचा दाब बेसच्या मजबुतीला खातो. काचेच्या खिडक्या मजबुती कमी करतात, पायाचे चौथरे आणि भिंतींचे मजबुतीकरण ती वाढवतात. मजबुती अशी विकत घेता येते, म्हणून ती निर्णायक नाही. वीज निर्णायक आहे. सौरपट्ट्या पृष्ठभागाजवळच नीट चालतात, आणि उष्णतेवर चालणारे वीजसंयंत्र समुद्रतळातल्या गरम झऱ्यांजवळच उपयोगी पडते. ते झरे आपल्याला हलवता येत नाहीत. म्हणून खोल पाण्यातला दुसरा बेस बांधायचा असेल तर देखणी गुहा शोधण्यापेक्षा गरम झरा शोधावा आणि त्याच्या शेजारी जी जागा मिळेल ती घ्यावी.

जिथे शत्रू ही खरी माणसे असतात, अशा रस्टसारख्या गेममध्ये वरचे सगळे गणित दुय्यम ठरते. 2018 साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या गेममध्ये लूट मिळते ती मॅपवरच्या ठरावीक मोठ्या ठिकाणांवर, आणि तिकडे जाणारे रस्ते सगळ्यांचेच असतात. त्या ठिकाणांना चिकटून बेस बांधला तर येणारा-जाणारा प्रत्येक गट आपले दार पाहून जातो. फार लांब बांधला तर लूट घेऊन परतताना वाटेत गाठले जाण्याची शक्यता वाढते. लहान गटाने मुख्य रस्त्यापासून एखादी टेकडी किंवा झाडी मध्ये येईल इतके आत, पण एका दमात धावत पोहोचता येईल इतक्याच अंतरावर राहावे, असे मला वाटते. बर्फाळ भागात खनिजे चांगली मिळतात, पण तिथे सुरुवातीपासून थंडीचे कपडे लागतात. बेसमधल्या टूल कपबोर्डमध्ये, म्हणजे बेसचा ताबा ठरवणाऱ्या कपाटात, देखभालीचे सामान भरत राहावे लागते आणि बेस मोठा झाला की त्याचे प्रमाणही वाढते, म्हणून लाकूड आणि दगड रोज कुठून आणणार याचे उत्तर जागा घेतानाच ठरलेले असावे.

नाशिकहून खेळणाऱ्यांना इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मॅपवर दिसत नाही. रस्टमध्ये आपण ऑफलाइन असलो तरी बेस जगात उभाच असतो आणि कोणीही त्यावर रेड, म्हणजे लुटीसाठी धाड, टाकू शकतो. युरोपातल्या सर्व्हरवर खेळत असाल तर जर्मनीत रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणजे त्या सर्व्हरवर सर्वांत जास्त गर्दी असते ती आपल्या झोपेच्या वेळी. सकाळी कॉलेजला जाणाऱ्या मुलाने अशा सर्व्हरवर मध्यवर्ती, गजबजलेली जागा घेणे म्हणजे बेस रोज रात्री राखणीविना सोडणे होय. त्याने शक्यतो आपल्या वेळेशी जुळणारा सर्व्हर शोधावा, आणि तो नसेल तर आडबाजूची, कमी नजरेत येणारी जागा घेऊन माल दोन लहान बेसमध्ये विभागून ठेवावा. शिवाय रस्टचे सर्व्हर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाइप होतात, मॅप नव्याने सुरू होतो, त्यामुळे तिथे जागेवर फार जीव जडवण्यात अर्थ नाही. चटकन निवडता येणे हेच कौशल्य आहे.

जमिनीच्या सपाटपणाबद्दल थोडेच सांगतो. बहुतेक गेममध्ये जमीन सपाट करता येते, म्हणून ती अट मानू नये. अपवाद पालवर्ल्डसारख्या गेमचा, जिथे बेसवरची कामे पाळलेले प्राणी करतात. चढउतारावर, कड्याजवळ किंवा दाटीने केलेल्या बांधकामात ते अडकून बसतात आणि काम थांबते. तिथे बेसच्या वर्तुळात सपाट जमीन आणि खनिजाचे दगड दोन्ही येतील अशी जागा मिळाली तर ती सोडू नये, कारण मग ते दगड प्राणी स्वतःच फोडत राहतात.

जागा पसंत पडली तरी लगेच दगडी भिंती घालू नयेत. आधी एक छप्पर, एक पलंग आणि एक पेटी एवढेच उभारावे आणि तिथे गेममधली एक पूर्ण रात्र काढावी. रात्री कोणते शत्रू येतात, कोणत्या दिशेने येतात, किती वेळा येतात, हे तेवढ्यात कळते. दुसऱ्या दिवशी पुढच्या टप्प्यात जे सर्वाधिक लागणार आहे ते आणण्याची एक खेप प्रत्यक्ष करून पाहावी, भरल्या ओझ्यासह, कारण रिकाम्या हाताने धावताना जवळ वाटलेली खाण ओझे घेऊन चढ चढताना तेवढी जवळ राहत नाही. व्हॅल्हाइममध्ये चारजण खेळत असतील तर चौघांनी चार जागा पाहून यावे आणि प्रत्येकाने आपल्या जागेहून किनारा, ब्लॅक फॉरेस्ट आणि दलदल किती वेळावर आहे ते घड्याळ लावून सांगावे. नजाऱ्यावरचा वाद मग आपोआप मागे पडतो. त्या गेममध्ये स्वतः बांधलेले घर उतरवले की त्याचे लाकूड आणि दगड पूर्ण परत मिळतात, त्यामुळे चाचणीसाठी उभारलेल्या झोपडीत काही वाया जात नाही. रस्टमध्ये तसे होत नाही, म्हणून तिथे ही चाचणी सर्वांत स्वस्त लाकडात, दोन बाय एकच्या खोलीतच करावी, आणि दाराला कुलूप लावल्याशिवाय पेटीत काहीही ठेवू नये.